ड्रायफ्रूटच्या डब्यातल्या सह्या

डॉक्टरच्या कंपाउंडरजवळ बसलात तर तो तासभर पेशंटचे किस्से सांगेल. वकिलाच्या कारकुनाकडे त्याहून जास्त निघतील. आमच्यासारख्या सही काढून देणाऱ्या ऑफिसात कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. अहो, साचतात! फायलींवर धूळ साचते तसे नकळत साचतात, आणि एकदा सांगायला बसलं की संपत नाहीत.

मी वर्षा. राहते गोवंडीला, नोकरी घाटकोपरला, स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. अकरा वर्षं झाली. ऑफिस देवधर सरांचं. आम्ही कंपन्यांचे सरकारी फॉर्म भरतो आणि लोकांना डिजिटल सही काढून देतो. म्हणजे पेनड्राइव्हसारखी एक वस्तू असते, तिला टोकन म्हणतात. ते कॉम्प्युटरला लावायचं, पासवर्ड टाकायचा, की कागदावर तुमची सही येते. हातच्या सहीइतकीच कायद्याला मान्य. कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी कोणी वाचत नाही. सही ज्याच्या नावाची, त्यानेच ती केली असं धरून चालतात. मी केली नाही असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं.

हे किस्से मी पूर्वी हसत हसत सांगायचे. लग्नघरी बायकांचा घोळका बसला की हमखास माझ्यावर पाळी यायची. पेडणेकर काकांचं प्रकरण झालं आणि ते हसू गेलं. काका आमच्या ऑफिसचे शिपाई. चहा, कुरियर, बँक, झेरॉक्स, सगळं त्यांच्याकडे. आणि कागदोपत्री ते एका कंपनीचे डायरेक्टर. ती कंपनी पळून गेली, काका इथेच राहिले. तिच्या कागदांवरून आपलं नाव निघावं आणि मग कणकवलीकडच्या आपल्या गावी जाऊन सुखाने राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. अजूनही तेवढंच हवंय.

ते येईलच ओघात. आधी बाकीचे सांगते.

*

मुलुंडहून एक आजोबा आले होते. बँकेतून रिटायर झालेले. मुलाने कंपनी काढली आणि त्यात वडिलांना घेतलं, म्हणून सही काढायची होती. आजोबांनी येताना एक वही आणली होती. चार पानं भरून सह्या.

"यातली कुठली घ्यायची ते तुम्ही ठरवा," म्हणाले. "मला स्वतःला तिसऱ्या पानावरची पाचवी आवडते."

खरंच देखणी सही होती. आडनावाच्या शेवटून निघालेली रेघ मागे वळून पहिल्या अक्षराखाली येऊन थांबायची. मी त्यांना सांगितलं की सहीचा नमुना लागत नाही. पॅन कार्ड, आधार, फोटो आणि एक छोटा व्हिडिओ द्यायचा, त्यात आपलं नाव सांगून आपण आपल्या मर्जीने अर्ज करतोय असं म्हणायचं. झालं.

आजोबांनी सगळं केलं. टोकन आलं. मी एका कागदावर त्यांची सही करून दाखवली. स्क्रीनवर नाव छापील अक्षरात आलं, खाली तारीख आणि वेळ, बाजूला हिरवी खूण. ते बराच वेळ बघत राहिले.

"सगळ्यांची अशीच येते?"

"हो आजोबा. फक्त नाव बदलतं."

"मग यात माझं काय आहे?"

"पासवर्ड," मी म्हटलं.

निघताना दारापर्यंत गेले आणि परत आले. "पासवर्ड तुमच्याकडेच राहू दे," म्हणाले, "माझ्या काही लक्षात राहायचा नाही." टोकनही टेबलावरच ठेवलं. वही मात्र पिशवीत नीट घालून घेऊन गेले.

*

तर पासवर्ड आमच्याकडे आणि टोकनही आमच्याकडे, ही या धंद्यातली रीत. नियम म्हणतो, टोकन मालकाने स्वतःच्या ताब्यात ठेवावं, पासवर्ड कोणाला सांगू नये. आता कुठला डायरेक्टर महिन्यातून चारदा अंधेरीहून खिशात टोकन घालून आमच्याकडे येणार? सगळी ऑफिसं ठेवून घेतात, आम्हीही घेतो.

एका दिवाळीला कोणीतरी ड्रायफ्रूटचा मोठा डबा दिला होता, आत मखमलीचे खण असलेला. काजू-बदाम दोन दिवसांत संपले. सर म्हणाले, "वर्षा, डबा टाकू नकोस." तेव्हापासून टोकनं त्यात. काजूच्या खणात अंधेरी, बदामात बोरिवली, पिस्त्यात मुलुंड आणि मनुक्यांच्या खणात घाटकोपर. प्रत्येक टोकनाला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनने नाव आणि पासवर्ड. "बदामातले तीन या महिन्यात संपतायत," असं आम्ही अगदी सहज बोलायचो.

या बदामात दोन भाऊ होते. बोरिवलीला दोघांचा प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा कारखाना. काहीतरी बिनसलं, बोलणं बंद झालं, प्रकरण कोर्टात गेलं. पण कंपनी दोघांची, त्यामुळे प्रत्येक कागदावर दोघांच्या सह्या लागणार. सरांनी दोघांना वेगवेगळे फोन केले. दोघांनीही तेच सांगितलं, तुम्ही करून टाका, मला त्याचं तोंड बघायचं नाही. मग दर खेपेला मी मोठ्याचं टोकन लावायचे, ते काढून धाकट्याचं लावायचे. ठराव एकमताने मंजूर.

एकदा मोठ्या भावाचा फोन आला.

"धाकट्याने सही केली का त्या कागदावर?"

"हो, झाली."

"लगेच केली?"

"लगेच."

मग म्हणाले, "माझ्याबद्दल काही बोलला का हो?"

मी डब्याकडे बघितलं. "नाही," म्हटलं, "काही बोलले नाहीत."

फोन ठेवून मी खूप हसले आणि पेडणेकर काकांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "असां करू नये गो बाय," म्हणाले, आणि टेबलावरचे रिकामे कप उचलून घेऊन गेले.

*

मधला एक किस्सा माझाच आहे. माझ्या भावाच्या अॅडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. तो हल्ली ऑनलाइन मिळतो, तहसीलदारांच्या डिजिटल सहीसकट. मी प्रिंट काढली आणि भावाला घेऊन कॉलेजात गेले. सहीच्या जागी मोठं पिवळं प्रश्नचिन्ह आणि इंग्रजीत लिहिलेलं, की या सहीची खात्री झालेली नाही. ते तसंच छापून येतं. हे मला माहीत होतं, खिडकीतल्या क्लार्कला नव्हतं.

"मॅडम, शिक्का कुठाय?"

"डिजिटल सही आहे. शिक्का लागत नाही."

"आणि हे प्रश्नचिन्ह?"

"फाइल उघडून त्याच्यावर क्लिक करायचं असतं. मग कॉम्प्युटर खात्री करून घेतो आणि ते जातं."

"हा कागद आहे ना पण? कागदावर कुठे क्लिक करू?"

आता माझा तर हा धंदाच! मी त्यांना कायदा सांगितला. हातच्या सहीला जी किंमत तीच या सहीला, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय म्हटलं. मागे रांग वाढत होती. भाऊ माझी ओढणी ओढत होता, ताई राहू दे म्हणून. क्लार्कने सगळं ऐकून घेतलं.

"असेल ना," म्हणाले. "मग त्या कायद्याची एक प्रत काढा, त्याच्यावर शिक्का मारून आणा, लगेच घेतो."

शेवटी मी रस्त्यापलीकडे बसणाऱ्या एका नोटरीकडे गेले. त्याने दाखला उलटा की सुलटा तेही न बघता दोन गोल शिक्के हाणले आणि वर आपली सही मारली. क्लार्कने कागद हातात घेतला. "आता कसं," म्हणाले. "हे आधीच नाही का आणायचं?"

घरी येईपर्यंत मी धुमसत होते. सरकारची खरी सही कोणी मानायला तयार नाही, आणि काकांची, जी त्यांनी कधी केलीच नाही, ती सगळ्यांनी डोळे मिटून मानली. तेच आता सांगते.

*

अंधेरीचे एक गृहस्थ आले. पोरांना आखातात नोकऱ्या लावून देणारी कंपनी काढायची होती. कंपनीला कमीत कमी दोन डायरेक्टर लागतात आणि यांचा दुसरा डायरेक्टर ऐनवेळी मागे सरला. फॉर्म त्याच दिवशी जायचा होता. सरांनी केबिनच्या काचेतून बाहेर पाहिलं. बाहेर काका कप विसळत होते.

"काका, महिनाभर तुमचं नाव देऊ का? नुसतं कागदावर. मग बदलून टाकू."

"तुम्ही सांगतास म्हणजे बरोबरच असतला, सर," काका म्हणाले, आणि हात पुसून आत गेले. त्याच दिवशी मी त्यांची डिजिटल सही काढायला घेतली, व्हिडिओही ऑफिसातच घेतला.

कंपनी झाली. पत्ता आमच्याच ऑफिसचा दिला. काकांच्या नावाची व्हिजिटिंग कार्डं आली, सदानंद रामचंद्र पेडणेकर, डायरेक्टर. त्यांनी एक कार्ड प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून शर्टाच्या खिशात ठेवलं, बाकीची तशीच डबीत राहिली.

बोर्डाची पहिली मीटिंग आमच्याकडे झाली. सर, ते अंधेरीचे गृहस्थ आणि लिहून घ्यायला मी. सरांनी बेल मारून चार चहा सांगितले. काका तीन घेऊन आले.

"चौथा कुठाय?"

"चौथो कोणाक?"

"तुम्हाला. तुम्ही डायरेक्टर नाही का?"

काकांनी आपला कप आणला आणि दाराजवळ उभ्यानेच प्याला. इतिवृत्तात मी लिहिलं, संचालक श्री. पेडणेकर यांनी अध्यक्षस्थान स्वीकारले.

महिना संपला, नाव कोणी बदललं नाही. सहा महिने गेले, वर्ष गेलं. काकांनी दोनदा आठवण केली. सर म्हणाले, करू करू. अंधेरीहून मेल यायचे, दुसऱ्या डायरेक्टरची सही टाकून पाठवा म्हणून. नेमणुकीची पत्रं असायची, कधी दहा, कधी तीस. मी मनुक्यांच्या खणातून काकांचं टोकन काढायचे आणि सह्या टाकत सुटायचे. ते पत्र कोणाचं, कुठल्या पोराचं, मी वाचत नव्हते. काका येऊन शेजारी चहा ठेवायचे. "कीबोर्डावर सांडू नको," एवढं म्हणायचे.

*

एके दुपारी एक बाई आली. सर बाहेर गेले होते, ऑफिसात मी आणि काका. बाईच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत एक पत्र. जिना चढून दम लागला होता. म्हणाली, गोवंडीहून आलेय. मी लगेच विचारलं, गोवंडीत कुठे. आमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे राहत होती.

तिचा मुलगा नोकरीचं पत्र घेऊन विमानतळापर्यंत गेला होता. तिथे कळलं की अशी नोकरीच नाही आणि व्हिसाही नाही. पासपोर्ट कंपनीने आधीच ठेवून घेतलेला. अंधेरीच्या ऑफिसला कुलूप. पत्रावर खाली हा पत्ता होता, म्हणून ती इथे आली.

"पेडणेकर साहेब कुठे बसतात?" तिने विचारलं.

तिने विचारलं ते काकांनाच. त्यांच्या हातात ट्रे होता, ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास. मी मान खाली घातली. काका जागच्या जागी उभे राहिले.

"साहेब बाहेर गेलेत, ताई," ते म्हणाले. "पाणी घ्या."

ती पाणी प्यायली. मग पिशवीतलं पत्र काढून तिने काकांच्या हातात दिलं. "साहेब आले की एवढं दाखवाल? त्यांचीच सही आहे. स्वतःची सही बघितल्यावर माणूस नाही म्हणणार नाही."

ती गेल्यावर काकांनी पत्र खिडकीपाशी नेलं आणि वाचायला सुरुवात केली. इंग्रजी त्यांना अडखळत येतं. खाली आपल्या नावाशी ते थांबले.

"वर्षा, ह्या मी कधी केलंय गो?"

मी सांगितलं. टोकन, पासवर्ड, मेल, सगळं. सांगताना माझा आवाज मलाच परका वाटत होता.

"अशी किती?"

"मोजली नाहीत, काका."

त्या बाईचा ग्लास घेऊन ते मोरीवर गेले आणि बराच वेळ विसळत बसले. त्यानंतर ती बाई आणखी दोनदा आली. दोन्ही वेळा काकांनी तिला पाणी दिलं आणि साहेब बाहेर गेलेत म्हणून सांगितलं. मधल्या एका दिवशी सुट्टी घेऊन ते स्वतः अंधेरीला जाऊन आले, पासपोर्ट मिळतो का बघायला. कुलूप तसंच होतं, आणि त्यांच्यासारखेच आणखी सात-आठ जण बाहेर उभे होते. काकांनी कोणालाही आपलं नाव सांगितलं नाही.

*

"राजीनामा देऊन टाकू," सर म्हणाले. काकांनी घरी बसून दोन पानी राजीनामा लिहिला, शुद्ध मराठीत, समास सोडून, खाली झोकदार सही. मी त्यांच्याबरोबर सरकारी ऑफिसात गेले. खिडकीतला माणूस सभ्य होता. त्याने पत्र पूर्ण वाचलं.

"काका, हे असं चालत नाही. फॉर्म ऑनलाइन भरायचा, त्यावर तुमची डिजिटल सही लागते."

"ती संपली," मी म्हटलं. "दोन वर्षांची मुदत होती."

"मग कंपनीने कळवायचं, की यांनी राजीनामा दिलाय."

"कंपनी पळाली हो," काका म्हणाले.

"कंपनीत आणखी कोण आहे?"

"एक डायरेक्टर तो, तो गायब. दुसरो मी."

"मग कंपनीतर्फे तुम्हीच कळवा," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने नजर खाली वळवली.

काका म्हणाले, "साहेब, ही सही माझी. तुमच्यासमोर परत करून दाखवतंय. पेन द्या."

"तुम्ही समोर आहात ते मला दिसतंय, काका. सिस्टिमला दिसत नाही."

पेन त्यांनी दिलं नाही. आम्ही नवी सही काढायच्या मागे लागलो. सर म्हणाले, आता त्यांच्या नावाची सही आपण काढली तर आपण अडकू, दुसरीकडून काढा. दुसरीकडून टोकन येईपर्यंत गोवंडीच्या बाईसारख्या बऱ्याच जणांनी तक्रारी केल्या होत्या. कंपनीची सगळी कामं रोखली गेली आणि पोर्टल काकांचा फॉर्म घेईना. सही चालत होती तेव्हा ती काकांच्या हातात नव्हती. हातात आली तेव्हा ती चालेना. मला त्या दिवशी पहिल्यांदा देवधर सरांचा राग आला, आणि त्यांच्याइतकाच माझा.

त्या संध्याकाळी मी काकांना म्हटलं, "चौकशीला बोलावतील तेव्हा मी सांगेन. सह्या मी केल्यात. टोकन आपल्या डब्यात होतं."

"बघू गो," काका म्हणाले.

*

चौकशीला आम्हा तिघांना बोलावलं. काका, सर आणि मी. सरांनी टॅक्सी केली. काका पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, मी आणि सर मागे. सर हळू आवाजात बोलत होते. टोकन काकांनी स्वतः नेलं होतं, ऑफिसशी त्याचा संबंध नाही, विचारतील तेवढंच सांगायचं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुझ्या भावाची अजून दोन वर्षं राहिलीत ना गं कॉलेजची?" मी हो म्हटलं.

चौकशी अधिकारी म्हणजे माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. आवाज कुठेही चढवत नव्हत्या. काकांना त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. काका अवघडून खुर्चीच्या कडेवर बसले.

"पेडणेकर, ही सही तुमच्या नावाची आहे. कायद्याने ती तुमचीच धरली जाते. तुमचं म्हणणं काय?"

"मी केली नाय, मॅडम. मला ते मशीन चालवता येत नाय."

"मग टोकन कोणाकडे होतं?"

काकांनी आधी सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. सर फायलीची पानं उलटत होते. मला बोलायचं होतं. मी घरून ठरवून निघाले होते, वाक्य पाठ केलं होतं. ते न म्हणता मी सरांच्या फायलीकडे बघत राहिले.

"आठवत नाय," काका म्हणाले.

बाईंनी लॅपटॉप आमच्याकडे वळवला. म्हणाल्या, सही काढताना दिलेला व्हिडिओ मागवून घेतलाय, बघा. स्क्रीनवर काका आले, तीन वर्षांपूर्वीचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले, केस विंचरलेले. हातात पॅन कार्ड, ते उलटं धरलेलं. चेहऱ्यावर फोटो काढताना येतं तसं हसू. "मी सदानंद रामचंद्र पेडणेकर," ते म्हणाले आणि पुढचं विसरले. कॅमेऱ्यामागून एका बाईचा आवाज आला. "अहो, कार्ड सरळ धरा. आणि 'माझ्या मर्जीने' म्हणा. हसू नका."

व्हिडिओतल्या काकांनी कार्ड सरळ केलं. "माझ्या मर्जीने," म्हणाले.

बाईंनी व्हिडिओ थांबवला.

"हा बाईचा आवाज कोणाचा?"

सरांनी फाइल मिटली.

"पेडणेकर, नीट ऐका," त्या म्हणाल्या. "व्हिडिओ देताना माणूस एकटा हवा. कोणी बाहेरून शिकवत असेल तर हा अर्जच मान्य करायला नको होता. ती व्यक्ती कोण ते कळलं, तर सही तुमच्या मर्जीने काढलेली नाही असं मला लिहिता येतं. मग पुढचं सगळंच बदलतं. तुमच्याच फायद्याचं विचारतेय. कोण आहे ही?"

मी खुर्चीचा हात धरून बसले होते. एक शब्द बोलायचा होता. मी नाही बोलले. लाज वाटत होती आणि तरी मी गप्प बसले होते, हे मी आज कोणापासूनही लपवत नाही.

काकांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रोज संध्याकाळी निघताना बघायचे, तसंच.

"माझी मिसेस," ते म्हणाले.

"नक्की?"

"नक्की, मॅडम. तिचोच आवाज."

"मग त्यांना घेऊन या. जबाब घ्यावा लागेल."

"ती गेली," काका म्हणाले. "दोन वर्षां झाली."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग त्यांनी लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर जबाबाचा कागद काकांपुढे सरकवला आणि पेन दिलं. काकांनी चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि सावकाश सही केली.

पेडणेकर काकू आमच्या ऑफिसात कधीच आल्या नव्हत्या.